पहिल्या पायावरचा ठिपका

आमच्या ओ क्लेअर गावात कुणाचा जुना कॉम्प्युटर बिघडला, की तो माणूस आधी दोन दिवस स्वतः खटपट करतो. मग इंटरनेटवरच्या चार अनोळखी लोकांचा सल्ला घेऊन तो आणखी बिघडवतो, आणि त्यानंतर माझ्याकडे येतो. मी आधी त्याला चार शब्द सुनावते, मग काम करून देते. माझं नाव व्हर्ना क्वाम, वय एकाहत्तर. हात अजून थरथरत नाहीत, चष्मा फक्त वाचायला लागतो, आणि माझं चुकलं असं म्हणायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही. हे शेवटचं वाक्य या एप्रिलपर्यंत मी छातीठोकपणे म्हणत असे.

माझा तोरा उगाच नव्हता. ऐन उमेदीची अकरा वर्षं मी गावाबाहेरच्या लून लेक सर्किट्समध्ये तपासनीस होते. आम्ही वेगकार्ड बनवायचो. कॉम्प्युटरच्या पोटात हे कार्ड खोचलं, की तोच कॉम्प्युटर चौपट वेगाने पळायचा. सोल्डरिंगचं, म्हणजे वितळलेल्या धातूच्या थेंबाने सांधे जोडायचं, सगळं काम बायकांचं, बहुतेक आसपासच्या डेअरी फार्मवरून आलेल्या, बोटांनी चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. कार्ड तयार झालं की आम्हा चौघी तपासनिसांपैकी एकजण ते भिंगाखाली उलटंपालटं करून बघायची, आणि ठीक असेल तर पाठीमागे नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. कंपनीने दिलेल्या शिक्क्याची शाई आठवड्यात उडायची, नेलपॉलिश मात्र जन्मभर टिकतं. रंग जिचा तिचा ठरलेला. डोलोरेसचा लाल, मेव्हिसचा गुलाबी, जोनचा मोतिया आणि माझा जांभळा.

कंपनी बंद पडून तीस वर्षं झाली. आता तीच कार्डं लोक सोन्यासारखी जपतात. आमचा जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा एक क्लब आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लूथरन चर्चच्या तळघरात आम्ही जमतो, चर्चची पातळ कॉफी पितो आणि एकमेकांच्या यंत्रांना नावं ठेवतो. एखाद्या कार्डाच्या पाठीवर जांभळा ठिपका निघाला, की मी ते उंच धरून सगळ्यांना दाखवते आणि म्हणते, "ह्यात दोष शोधू नका, वेळ फुकट जाईल."

मार्चच्या बैठकीत हार्लन ब्रेके त्याचं कार्ड घेऊन आला. हार्लनने चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. अर्धं गाव त्याला अजून घाबरतं. निवृत्त झाल्यावर तो घरी माग चालवतो. चोवीस चौकटींचा मोठा लाकडी माग, आणि कुठल्या ओळीला कुठल्या चौकटी उचलायच्या हे सांगायला शेजारी टेबलावर तो जुना कॉम्प्युटर. प्रोग्राम त्याने स्वतः एक्क्याण्णव साली लिहिलेला.

"नवीन लॅपटॉप घे की," कुणीतरी त्याला म्हणालं.

"घेतो. तू त्याच्यासाठी माझा प्रोग्राम नव्याने लिहून देतोस का?" हार्लनने विचारलं, आणि तो माणूस कॉफीबरोबर ठेवलेले लेमन बार आणायला गेला.

हार्लनची अडचण खरी होती. त्याच्या डोळ्यांचं मधलं दिसणं चाललंय. कडेचं दिसतं, समोरचं धुरकट होतं. शरद ऋतूपर्यंत उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आणि त्याला एक लोकरी पलंगपोस विणायचा होता. त्याच्या फार्मचा नकाशाच म्हणा ना. ओढा, कुंपण, ओकची झाडी, सगळं नक्षीत बसवलेलं, अठराशे ओळींचं. लोकर त्याच्याच शेवटच्या कळपाची. मेंढ्या दोन वर्षांपूर्वी विकल्या, आक्रोडाच्या सालीत रंगवलेलं सूत होतं तेवढंच.

"एवढं एक पूर्ण झालेलं बघायचंय," तो मला म्हणाला होता. "पुढे नाही दिसलं तर नाही दिसलं."

डोळे साथ देत नाहीत म्हणून तो तालावर विणत होता. आडव्या सुताचा धोटा फेकायचा, ते घट्ट बसवायला फणी ठोकायची, पुढची ओळ. पण नक्षी मोठी, आणि प्रत्येक ओळीला कॉम्प्युटर चार सेकंद विचार करत बसायचा. तेवढ्यात ताल मोडायचा आणि धोटा फेकला की नाही हेच हार्लन विसरायचा. उपाय सोपा होता. वेगकार्डावर एक छोटी कॅश मेमरी असते. स्वयंपाक करताना मीठमिरी फडताळात न ठेवता आपण ओट्यावर ठेवतो, तसं वारंवार लागणारं सगळं ती कॉम्प्युटरच्या हाताशी ठेवते. ओटा मोठा केला की फडताळापर्यंतच्या फेऱ्या वाचतात. म्हणजे जुन्या चिपा काढायच्या आणि चौपट मोठ्या बसवायच्या.

चिपा फेंग व्हांगने दिल्या. फेंग चाळिशीचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि क्लबच्या सगळ्या सुट्या भागांचा भांडारी आहे. वडीलधाऱ्या बायकांना मावशी म्हणायची आशियातून इथे आलेल्या त्याच्या मॉंग घरातली रीत, म्हणून मलाही मावशीच म्हणतो. मला ते आवडतं, पण त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही.

कार्ड उलटवलं तर कॅश चिप ज्यात खोचतात त्या सॉकेटच्या मागे, धातूच्या अठ्ठावीस पायांपैकी अगदी पहिल्या पायावर, माझा जांभळा ठिपका.

"बघ हार्लन," मी म्हटलं, "पस्तीस वर्षांपूर्वीची माझी सही."

चिपा बसवल्या, जंपर म्हणजे कार्डावरच्या छोट्या जोडपट्ट्या बदलल्या आणि क्लबच्या रिवाजाप्रमाणे कार्ड आठवडाभर माझ्या घरच्या कामाच्या बाकावर तपासणीला लावलं. एकही चूक नाही. हार्लन खुशीत घरी घेऊन गेला.

अठ्ठावीस मार्चला त्याचा फोन आला. "व्हर्ना, तुझं कार्ड माझ्या कापडात भलतंच काहीतरी विणतंय."

"काय विणतंय?"

"ते दिसत असतं तर तुला फोन कशाला केला असता? बोटांना चुकीचं लागतंय. साठ ओळी उसवल्या आत्ताच."

मी जाऊन कार्ड आणलं, बाकावर लावलं, दोन दिवस चालवलं. ठणठणीत. कार्डावर माझा ठिपका, बाकावर चूक नाही, म्हणजे उरल्या चिपा. बाजारात जुन्या चिपांवरचं नाव घासून नवं छापणारे भरपूर आहेत. माझा निर्णय दहा मिनिटांत झाला. आणि निर्णय झाला की तो पोटात ठेवायचा हे मला कधी जमलेलं नाही.

एप्रिलच्या बैठकीत, तीस माणसांसमोर, मी फेंगला विचारलं, "ह्या चिपा तू कुठून आणल्यास?"

"शिकागोच्या एका भंगारवाल्याकडून. का, मावशी?"

"कारण ह्या बनावट आहेत."

फेंगने चिपा हातात घेतल्या, दिव्याखाली तिरक्या धरल्या. "नाही वाटत. मी प्रत्येक चिप दोनदा तपासून डब्यात टाकतो."

"मग तिसऱ्यांदा तपासायची होतीस. हार्लनच्या साठ ओळी गेल्या."

मागे दोघंतिघं हसले. मला ते हसू तेव्हा गोड लागलं, हे कबूल करते.

"कार्डात दोष असू शकतो ना?" फेंगने हळू आवाजात विचारलं.

"कार्डावर माझा ठिपका आहे."

तो आपल्या टेबलाशी गेला, स्वतःचा कॉम्प्युटर उघडला, त्याच्या कार्डातल्या दोन चिपा उपसल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवल्या. "ह्या दोन वर्षं माझ्याकडे चालल्यात. ह्या लावा, मिसेस क्वाम."

मिसेस क्वाम! ते मला लागलं, पण मी चिपा घेतल्या आणि कॉफी प्यायला गेले.

गुरुवारी हार्लनचा पुन्हा फोन. ह्या वेळी आवाज पडलेला होता. "पुन्हा तसंच झालंय. व्हर्ना, हे सूत एकदा उसवून विस्कटलंय. आणखी एकदाच काय ते सहन करेल. त्यानंतरही चुकलं तर तुटणार, आणि माझ्याकडे दुसरं नाही."

"उसवू नकोस. कशालाही हात लावू नकोस. मी येते."

बाकावर शोधून काही मिळणार नव्हतं हे मला एव्हाना कळलं होतं. बिघाड जिथे होतो तिथे जाऊन बसावं लागतं. हे मी लोकांना तीस वर्षं शिकवत आले, आणि स्वतः मात्र पंधरा दिवस बाकाला चिकटून बसले होते.

हार्लनची मागाची खोली म्हणजे पूर्वीचं दूध साठवायचं घर. खिडकीबाहेर मेपलच्या झाडांना सिरपसाठी रस गोळा करायच्या बादल्या अजून टांगलेल्या. तो मागावर बसला होता, मान वाकडी करून, कोंबडी बघते तसं एका बाजूने माझ्याकडे बघत.

"कॉफी थर्मासमध्ये आहे. आधी रागावून घेणार आहेस की काम करणार आहेस?"

"रागवायला माझ्याकडे आज काही नाही," मी म्हटलं. "कुठे आहे चूक?"

त्याने तर्जनी कापडावरून सरकवत नेली आणि थांबवली. मी भिंग लावलं. ओळीवर ओळी बरोबर, मध्येच एक भलतीच, मग पुन्हा पाच बरोबर, मग आणखी एक भलती.

"हा सगळा कचरा आहे," मी म्हटलं. "चिप वाटेल ते आठवतेय."

"कचरा नाही." हार्लन डोळे मिटून तीच ओळ पुन्हा चाचपत होता. "पाच धाग्यांवरून, एकाखालून, पाचवरून, एकाखालून. ही ओळ माझ्या ओळखीची आहे. हे कुंपण आहे."

"कुठलं कुंपण?"

"नक्षीतलं. खाली, सहाशे अठ्ठाविसाव्या ओळीत कुंपण आहे. ते इथे कशाला आलं? ही तर अकराशे चाळिसावी ओळ आहे."

मी दुसरी चुकलेली ओळ मोजली. अकराशे सेहेचाळीस. भिंग घेऊन खाली गुडघ्यांवर बसले आणि गुंडाळलेलं कापड उलगडत सहाशे चौतिसाव्या ओळीपाशी आले. तीच ओळ. धाग्याला धागा जुळणारी.

"पाचशे बारा ओळींचा फरक," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. गणिताचा मास्तर आणि कॉम्प्युटरची तपासनीस, दोघांच्याही आयुष्यात हा आकडा, दोनाचा नववा घात, हजारदा आलेला.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. बनावट चिपने खरोखरच कचरा दिला असता. ही चिप चोख उत्तर देत होती, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं. तिच्या मेमरीच्या वरच्या अर्ध्यातली ओळ मागितली की ती खालच्या अर्ध्यातली काढून देत होती, बरोबर पाचशे बारा ओळी मागची. कारण वरचा अर्धा की खालचा हे तिला सांगणारी तार तिच्यापर्यंत कधी पोचत होती, कधी पोचत नव्हती. फेंगच्या पहिल्या चिपाही चांगल्या होत्या आणि दुसऱ्याही. तीस माणसांसमोर मी एका सरळ माणसाला खोटं ठरवलं होतं.

"हार्लन, कापड पुढे नेऊ नकोस. धोटा बाजूला ठेव, आणि सूत न घालता नुसती फणी ठोक."

"कशाला?"

"माझ्या बाकाला कुणी फणी ठोकत नाही, म्हणून."

तो ठोकू लागला. मागाला लागूनच टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. प्रत्येक ठोक्याला थर्मासचं झाकण खुळखुळत होतं. मी झाकण काढलं आणि पडद्यावर डोळे लावले. अकरा ठोके बरोबर. बाराव्याला पडद्यावर कुंपण आलं. मग मी कपड्यांचा लाकडी चिमटा घेतला आणि चिपचा एक-एक कोपरा दाबून धरत गेले. पहिल्या पायाचा कोपरा दाबला, की कितीही ठोका, चूक नाही. सोडला की कुंपण हजर.

"सापडलं," मी म्हटलं. आवाजात नेहमीचा जोर परत आला होता. तो फार वेळ टिकला नाही.

कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढून उलटं केलं. पहिल्या पायावर माझा जांभळा ठिपका, छान गोल फुगलेला. नखाने खरवडला. नेलपॉलिशचा पापुद्रा निघाला आणि त्याखाली सोल्डर नव्हतं. भोकात सॉकेटचा पाय नुसताच उभा होता, कडेला जेमतेम टेकलेला. पस्तीस वर्षं.

मला तो दिवस आठवला. नुसता आठवला नाही, मेव्हिसच्या हातातल्या ट्रे-सकट दिसला. शुक्रवार होता. दोनशे कार्डं पाठवायची होती, ट्रक दारात, आणि आम्हा सगळ्यांना हॉटेलात फिश फ्रायच्या जेवणाला टेबल राखलेलं. मेव्हिस म्हणाली, "व्हर्ना, ह्या बारा कार्डांत कॅशचा पहिला पाय सोल्डर करायचा राहिलाय." मी म्हटलं, "तो पाय रिकामा आहे. ह्या चिपला त्याचं कामच नाही." ते खरंच होतं. जुन्या छोट्या चिपला पहिल्या पायाचं काही काम नसतं. "मोठी चिप बसवली तर लागेल," मेव्हिस म्हणाली. "कोण बसवतंय मोठी चिप?" असं म्हणून मी ब्रश बुडवला, आणि ठिपका मुद्दाम त्याच पायावर दिला. उघडं भोक पॅकिंगवालीच्या नजरेला पडू नये म्हणून. बाराही कार्डांवर.

हे मी विसरले होते असं म्हणणार नाही. ती आठवण मी कधी बाहेर काढून पाहिली नव्हती.

हार्लनला मी सगळं सांगितलं. तो मान वाकडी करून ऐकत होता. शाळेत मुलांची सबब ऐकायचा तस्साच.

"बारा," तो शेवटी म्हणाला. "बाकीची अकरा कुठे आहेत?"

"माहीत नाही."

"मग ते शोधायचं काम तुझं. आणि हे जोडणार कधी?"

"फेंग आल्यावर."

मी लगेच फोन लावला. "फेंग, चिपा तुझ्या दोन्ही चांगल्या आहेत. दोष कार्डाचा आहे, आणि कार्डाचा म्हणजे माझा. मी जोडायच्या आधी तू येऊन बघावंस अशी माझी इच्छा आहे."

आधी त्याने दुकानातल्या गिऱ्हाईकाचा हिशेब पुरा केला. मग, "दुकान पाचला बंद होतं. येतो."

साडेपाचला तो आला. बरोबर बायकोने दिलेला स्प्रिंगरोलचा डबा. एवढ्या रागातही लोकांच्या घरी रिकाम्या हाताने न येणारी माणसं असतात. कार्ड घेतलं, स्वतःचं भिंग लावलं, आणि ते उघडं भोक बघत राहिला.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि त्यावर ठिपका दिलात?"

"हो."

"आणि परवा सगळ्यांसमोर मला..."

"हो, फेंग. चुकलं माझं. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे. तळघरात बोलले, तळघरातच मागे घेईन. इथे तुझ्या एकट्याच्या कानात सांगून सुटका करून घेणार नाही."

त्याने भिंग खाली ठेवलं. "सोल्डरिंग आयर्न तापवा," तो म्हणाला, "तोपर्यंत मी हार्लनना रोल देतो."

एक थेंब सोल्डर. तीन सेकंदांचं काम. ते तीन सेकंद मी पस्तीस वर्षं उधार ठेवले होते. मग कार्ड मी स्वतः भिंगाखाली धरलं नाही, फेंगकडे दिलं. त्याने अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पाय बघितले, मग शेजारच्या सॉकेटचेही अठ्ठावीस बघितले.

"हा सतरावा जरा कोरडा दिसतोय," तो म्हणाला.

"कोरडा नाहीये!" मी उसळले. मग भिंग घेतलं. कोरडाच होता. मुकाट्याने पुन्हा सोल्डर दिलं. हार्लन मागावर बसून खिदळत होता.

कार्ड लावलं आणि हार्लनला म्हटलं, "ठोक." सूत न घालता त्याने पाचशे ठोके मारले, नंतर टेबलावर मुठी आपटल्या, फेंगने टेबल उचलून आदळलं. थर्मास पडला. पडद्यावर ओळीमागून ओळी, सगळ्या जागच्या जागी. कुंपण कुठेच नाही.

"ठिपका द्यायचा ना?" फेंगने विचारलं.

"तू दे. तू तपासलंयस."

त्याच्याकडे नेलपॉलिश कुठलं? गाडीत गेला आणि मुलीची बाटली घेऊन आला. हिरवी, चमकीवाली. ठिपका त्याने दिला कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत, कुठल्याही पायावर नाही. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलंय हे त्यानेही पाहिलं.

ती सात ओळींची चूक आम्ही तिघांनी मिळून उसवली. मी भिंगाखाली धागा दाखवायची, फेंग चिमट्याने उचलायचा, हार्लन ओढून घ्यायचा. सूत विस्कटलं, पण तुटलं नाही. मग त्याने पहिला धोटा फेकला. फणी ठोकली. पुढच्या चौकटी लगेच उचलल्या गेल्या. पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. दहा ओळींनंतर त्याने डोळे मिटून घेतले आणि तसाच विणत राहिला. जाताना फेंग म्हणाला, "येतो, मिसेस क्वाम." ते मला मिळायलाच हवं होतं.

मेच्या पहिल्या शनिवारी मी तळघरात उभी राहिले आणि पॅकिंगवालीपासून फिश फ्रायपर्यंत सगळं सांगितलं. हसलं कुणी नाही. मग म्हटलं, "आता सगळ्यांनी आपापली कार्डं उलटवा. जांभळा ठिपका पहिल्या पायावर असेल तर इकडे आणा." दोन निघाली. त्यातलं एक माझ्यावर विश्वास ठेवून आठ वर्षं न उघडलेलं. दोन्ही तिथेच जोडली, दोन्ही फेंगने तपासली. शेवटचं परत देताना तो म्हणाला, "नऊ राहिली, मावशी." मी इंटरनेटवरही लिहिलंय, माझ्या नावानिशी. ओरेगनमधून एकाचं पत्र आलं. आठ राहिलीत.

पलंगपोस जूनच्या अखेरीस पूर्ण झाला. हार्लनने तो मागावरून उतरवला आणि खोलीभर पसरला. ओढा, कुंपण, ओकची झाडी.

"बघून सांग," तो म्हणाला. "एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मला नाही दिसणार, तुला दिसेल."

दोन तास मी गुडघ्यांवर होते. अठराशे ओळी. तेराशे सतराव्या ओळीत धागा दुहेरी होता. यंत्राची चूक नव्हती, धोटा एकाच ओळीत दोनदा फेकला गेला होता. वर जवळजवळ पाचशे ओळी विणून झालेल्या, आता उसवण्यात अर्थ नाही. आणि कुणाला कळणार होतं? त्याला तर दिसतच नव्हतं. कुणाला कळणार, हेच शब्द मी पूर्वी एका शुक्रवारी मनात म्हटले होते. अगदी हेच.

"तेराशे सतरा," मी म्हटलं. "धागा दोनदा गेलाय. तुझ्या हातून."

हार्लन वाकला, बोटाने ओळ शोधली आणि त्या जाड धाग्यावर दोनदा बोट फिरवलं.

"त्या दिवशी दारावर कुणीतरी आलं होतं," तो म्हणाला. "बाकी?"

"बाकी चोख. एकही नाही."

"नक्की?"

"हार्लन, प्रत्येक ओळ बघितलीय."

तो उठून खोलीच्या पार टोकाला गेला. भिंतीला पाठ लावली, मान वळवली आणि डोळ्यांच्या कडेने पलंगपोसाकडे बघायला लागला. आधी डाव्या डोळ्याने, मग उजव्या. बराच वेळ. त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दिला.